सातव्या पानाचे संपादक

आमचं झेरॉक्सचं दुकान लवळ्यात, कॉलेजांच्या डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आहे. वरून उतरणारी पोरं मला दीदी म्हणतात, आंटी म्हणतात, घाईत असली तर नुसतंच 'कलर कितीला?' म्हणतात. एकाच मुलानं मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हटलं. जुन्या शाळेतली मुलं शिक्षिकेला म्हणायची, अगदी त्या सुरात. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि त्या एका शब्दानं उभ्याउभ्या पन्नाशीची झाले. सूड म्हणून मीही त्याला अहो-जाहो सुरू केलं. त्याला ते इतकं आवडलं की पुढं तीन वर्षं मला ते सोडता आलं नाही, आणि आता लिहितानाही सुटत नाही.

त्यांचं नाव इंद्रनील वामन चौबळ. इंद्रनील हे नाव त्यांना फारच नव्या वळणाचं वाटायचं, पण त्यात त्यांचा काही दोष नव्हता, म्हणून ते 'इ. वा. चौबळ' अशी सही करायचे. वय वीस. कायद्याचं तिसरं वर्ष. अंगात राखाडी जाकीट, एप्रिलमध्येसुद्धा. हातात बारमाही काळी छत्री, आणि जाकिटाच्या खिशात लाल पेन्सिल. ते दुकानात आले की आधी छत्री दाराशी टेकवायचे, मग काउंटरपाशी ठेवलेल्या लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे, आणि मग नमस्कार करायचे. हा क्रम कधी चुकला नाही. एकदा स्टुलावर दुसरी मुलगी बसली होती, तर ती उठेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस पानांचं स्पायरल बाइंडिंग होईपर्यंत, त्यांनी मला नमस्कार केला नाही.

पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, आम्हाला एक नियतकालिक काढायचं आहे. परंपरावादी विचारांचं."

मी विचारलं, "म्हणजे धार्मिक का?"

"नाही. धर्म फार मोठा विषय झाला. आम्ही सध्या कँपसपुरतं बोलू." मग त्यांनी मला तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. "एखादी गोष्ट चालली आहे, तर ती कशामुळे चालली आहे हे कळल्याशिवाय तिला हात लावू नये. एवढंच आमचं म्हणणं आहे."

माझा झेरॉक्स मशीनच्या बाबतीत नेमका हाच अनुभव होता. मला ते लगेच पटलं आणि मी काम घेतलं.

मासिकाचं नाव 'पूर्वापार'. बारा पानं, निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी, मधोमध दोन टाचण्या. संपादक मंडळ दोघांचं. संपादक चौबळ, आणि उपसंपादक तन्वी मेहता नावाची अर्थशास्त्राची मुलगी. तिचा परंपरेशी फारसा संबंध नव्हता. तिचा विश्वास खासगी मालमत्तेवर होता. ज्याची वस्तू, त्याची मर्जी, बाकीच्यांनी मध्ये बोलू नये. दोघांचे विचार उजवीकडचे, म्हणून दोघं एकत्र आली, आणि आल्या दिवसापासून भांडत राहिली. भांडण माझ्या काउंटरवर चालायचं, कारण वर हॉस्टेलात आवाज केला तर दंड होता.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. डोंगरावर कॉलेज येऊन अजून वीस वर्षं झाली नव्हती. परंपरा राखायची खरी, पण आणायची कुठून? चौबळांनी त्यावर नियम केला. कायद्याचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. तेव्हा जी गोष्ट पाच तुकड्यांनी पाहिली, ती परंपरा. तन्वीनं तिथल्या तिथे हरकत घेतली. "अरे पण पाचही बॅचेस एकाच वेळी कँपसवर असतात. मग आज लावलेला फ्लेक्ससुद्धा संध्याकाळपर्यंत ट्रॅडिशन होईल."

चौबळ थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "होऊ शकतो. म्हणूनच फ्लेक्स जपून लावावेत."

त्यांची पहिली मोठी मोहीम ग्रंथालयाच्या जिन्यातल्या नवव्या पायरीसाठी होती. ती पायरी कितीतरी वर्षं अर्धी तुटलेली होती. पोरं आठवीवरून थेट दहावीवर पाय टाकायची. नवीन पोरांना जुनी पोरं पहिल्याच दिवशी बजावायची, "नऊ सोड." विद्यापीठानं ती दुरुस्त करायचं ठरवलं, तसा 'पूर्वापार'मध्ये अग्रलेख आला : 'नववी पायरी : एक समंजस तडजोड'. तुटक्या पायरीशी माणसांनी मुकाट्यानं जमवून घेतलेलं आहे, ते मोडू नका, असा सूर. अख्खं कॉलेज पोट धरून हसलं. पायरी दुरुस्त झाली. पहिल्याच दिवशी चार जण पडले, कारण पाय सवयीनं नववी ओलांडायला जात होते आणि डोकं सांगत होतं की आता ती नीट आहे. त्या चारांत दुरुस्तीच्या कागदावर सही करणारे अधिकारीही होते.

चौबळ हसले नाहीत. ते फळं घेऊन त्या अधिकाऱ्यांना भेटायला गेले. येताना दुकानात आले, छत्री, स्टूल, नमस्कार झाला, आणि म्हणाले, "फार लागलं आहे हो त्यांना. बरोबर ठरण्यात काही सुख नसतं, बाई." मला तेव्हा हा मुलगा पहिल्यांदा आवडला.

आता सातव्या पानाबद्दल सांगते. पहिल्या अंकाची जुळणी करताना त्या दुपारी वीज दोनदा गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी सहाव्या पानावरून उठले होते ती आठव्यावर बसले. मजकूर सगळा जागच्या जागी होता, फक्त आकडा चुकला. सहानंतर आठ. पानं बारा, पण शेवटच्या पानावर तेरा. शंभर प्रतींना टाचण्या मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मी सरळ गप्प बसले. पोरं आकडे कुठं वाचतात, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौबळ अंक उघडून उभे. "बाई, सहानंतर आठ आहे."

"परत छापून देऊ का?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा छताकडे पाहिलं. आमच्या छताकडे पाहण्यासारखं काही नाही, पण त्यांचे सगळे निर्णय तिथूनच यायचे. "नको. काल अंक पाचही तुकड्यांत वाटला गेला आहे. सगळ्यांनी पाहिलं आहे. छापलं ते छापलं."

'छापलं ते छापलं' हे त्यांचं वाक्य. दुरुस्ती छापायची नाही, खुलासा करायचा नाही, माफी मागायची नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्या कागदाचा शब्द फिरतो त्या कागदात आणि वड्याखालच्या कागदात फरक राहत नाही. त्यामुळे दुसऱ्या अंकातही सहानंतर आठ आलं. तिसऱ्यातही. मी दर वेळी हळूच सात घालून प्रूफ द्यायचे, आणि दर वेळी लाल पेन्सिलीनं सात खोडून आठ होऊन यायचं. वर कॉलेजात तर्क सुरू झाले. कोणी म्हणे, ते पान मोकळं ठेवायचा जुना रिवाज आहे. डाव्या विचारांच्या मुलांचं भित्तिपत्रक निघायचं, त्यात लिहून आलं की हरवलेलं सातवं पान म्हणजे दडपलेला आवाज. भित्तिपत्रकही माझ्याकडेच छापलं जायचं, त्यामुळे दोन्हीकडचं अज्ञान मला आधी कळायचं. तन्वी म्हणायची, "चौबळ, ही टायपो आहे यार, मान्य कर ना."

"टायपो सलग पाच वेळा होत नाही," चौबळ म्हणायचे. पाचव्या अंकात त्यांनी अग्रलेखच लिहिला : 'सातव्या पानाचे मौन'. मी तो जुळवताना मान वर केली नाही.

त्यांचं एक सदर होतं, 'या महिन्यात न बदललेले'. इतकं कंटाळवाणं सदर मी दुसरं छापलेलं नाही. त्यात असायचं :

'वाचनकक्षातील तिसरा पंखा : फिरतो, वारा लागत नाही. बदल नाही.'

'मुख्य दारावरील कुत्रा : झोपलेला. बदल नाही.'

'मागील फाटकातून मेंढरे : दर सोमवारी पाहिले, सकाळी सव्वासात. बदल नाही.'

ही शेवटची नोंद घ्यायला ते दर सोमवारी पहाटे उठून मागच्या फाटकाशी छत्री घेऊन उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, "रोजचीच मेंढरं, त्यात बघायचं काय?" तर म्हणाले, "जे बदलतं त्याची नोंद सगळे ठेवतात, बाई. जे बदलत नाही त्याची कोणीच ठेवत नाही. मग एक दिवस ते जातं, आणि ते होतं हे सिद्ध करता येत नाही."

मेंढरं ठकूबाईंची. डोंगरापलीकडे, रिहे गावाच्या अंगाला त्यांचं घर आहे. साठ-सत्तर मेंढरं, वर थोडी शेरडं. त्यांची वाट घरापासून डोंगर चढून, आताच्या कॉलेजातून, आमच्या दुकानापुढून खाली ओढ्याकडच्या शिवारात उतरते. डोंगरावरची जमीन आमच्या घरचीही होती. ती विकताना माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, ठकूबाईंच्या सासूला शब्द दिला होता की वाट राहील. घेणाऱ्यांनीही मान हलवली होती आणि मागच्या भिंतीत एक लहान लोखंडी फाटक ठेवलं होतं. कागदावर मात्र काही नव्हतं. मान हलवणारे बदलून गेले, आबाही गेले. मग विद्यापीठानं ठरवलं की त्या वाटेवर पायऱ्यापायऱ्यांचं खुलं नाट्यगृह बांधायचं आणि मागचं फाटक चिणून टाकायचं.

ठकूबाई माझ्याकडे आल्या. दुकानात कधी यायच्या नाहीत, त्या दिवशी आत येऊन उभ्या राहिल्या.

"आबा न्हाईत, तर म्हटलं तुलाच सांगावं. फाटक बंद करत्यात म्हनं."

"दुसरी वाट नाही का हो?"

"हाय की. मोठा रस्ता. दोन सालांमागं वर कसला कारेक्रम हुता, तवा धा दिस फाटकाला कुलूप हुतं. रस्त्यानं न्हेली तर डंपरखाली दोन मेंढरं गेली, येक गाभणी. आता फाटक कायमचं गेलं तर समदी इकायची बघ. दुसरं काय करनार?"

चौबळ स्टुलावर प्रूफ तपासत बसले होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ठकूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यो वॉचमन हितं काय करतुया?" दर सोमवारी छत्री घेऊन फाटकाशी उभा राहणारा माणूस दुसरा कोण असणार?

चौबळ उठून उभे राहिले. "मी वॉचमन नाही, आजी. पण लक्ष ठेवतो."

त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण सकाळी अग्रलेख घेऊन आले तेव्हा जाकिटाची बटणं वरखाली लागली होती. त्यांना पहिल्यांदाच डोंगरावर खरीखुरी परंपरा सापडली होती. पण तन्वी अडून बसली.

"लँड युनिव्हर्सिटीची आहे. गेट ठेवायचं की नाही हा त्यांचा राइट आहे. आपण प्रॉपर्टीच्या विरोधात लिहायचं?"

"वहिवाट हीसुद्धा मालमत्ताच असते," चौबळ म्हणाले. "फक्त ही मेंढरांची आहे."

"मेंढरांना प्रॉपर्टी राइट्स?"

"ती तुमच्या वसतिगृहाच्या आधीपासून इथं आहेत."

तोडगा निघेना, तेव्हा एकाच अंकात दोन अग्रलेख छापले गेले. एकात फाटक राहिलंच पाहिजे, दुसऱ्यात ते पाडायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. त्यातच डावी मुलंही मेंढपाळांच्या बाजूनं उतरली आणि पोस्टर छापायला आली. पोस्टरवर होतं : 'वाट बंद करू नका.' चौबळांच्या अंकाच्या पाठीवरही शब्दशः तेच होतं. दोन्ही प्रूफं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी. चौबळांनी ती बराच वेळ पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "वाक्य तेच राहू द्या, बाई. अक्षरांचा टंक तेवढा बदला." मोर्चातही तसंच झालं. एकत्र उभं राहणं दोघांनाही शक्य नव्हतं, म्हणून डावे दहा ते अकरा आणि उजवे अकरा ते बारा असं फाटकाशी उभं राहायचं ठरलं. उजवे म्हणजे चौबळ एकटेच. तन्वी तत्त्व म्हणून पलीकडच्या झाडाखाली उभी राहिली, पण पाण्याची बाटली तिनंच आणून दिली.

शेवटी कुलसचिवांनी बैठक लावली. ठकूबाईंना बोलावलं, चौबळांना बोलावलं, आणि अंक छापणारी म्हणून मलाही. थंडगार खोली. टेबलावर नाट्यगृहाची प्रतिकृती, त्यात बोटाएवढी झाडं आणि बोटाएवढी माणसं. ठकूबाईंना फिरती खुर्ची दिली होती. त्या बोलताना आपोआप भिंतीकडे वळायच्या आणि पायानं जमीन रेटून परत यायच्या.

"वाट पूर्वीपासून आहे, ह्याला लेखी काही आधार?" कुलसचिवांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. फायलीपलीकडचं त्याला दिसत नव्हतं, एवढंच.

"माजी आजेसासू ह्याच वाटंनं गेली, सासू गेली, मी जातीया," ठकूबाई भिंतीला म्हणाल्या. "मेंढरं काय कागुद बघून चालत्यात व्हय?"

तेव्हा चौबळांनी पिशवीतून 'पूर्वापार'चे अकराही अंक काढून टेबलावर मांडले. "लेखी आधार आहे, सर. अकरा महिन्यांचा." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. मागील फाटकातून मेंढरे, सव्वासात, बदल नाही. पुढचा अंक. मेंढरे, सव्वासात, बदल नाही. खोलीत कोणी हसेना. ज्या सदराला सगळं कॉलेज हसलं होतं, ते त्या थंड खोलीत घंटेसारखं वाजायला लागलं. सल्ल्यासाठी कोपऱ्यात बसवलेल्या कायद्याच्या प्राध्यापक बाई पुढं सरकून बसल्या. मला वाटलं, जिंकलं.

कुलसचिव एक अंक चाळत होते. ते थांबले. "सहानंतर आठ? सात कुठे आहे?"

त्यांनी दुसरा अंक घेतला. मग तिसरा. "शेवटचं पान तेरा, आणि पानं बारा. प्रत्येक अंकात! काढून टाकलेल्या पानांवर काय होतं? मेंढ्या आल्या नाहीत, असं?"

चौबळ म्हणाले, "सर, एका कागदाला दोन बाजू असतात. सातवं पान फाडलं असतं तर त्याच्या पाठीवरचं आठवंही गेलं असतं. आठवं आहे. म्हणजे सातवं नव्हतंच." हे अगदी बरोबर होतं, आणि ऐकायला पूर्ण वेडेपणाचं होतं.

प्राध्यापक बाई सौम्यपणे म्हणाल्या, "चौबळ, पाचव्या अंकात तुम्हीच लिहिलं आहे की हे पान जाणूनबुजून मौन पाळतं. जाणूनबुजून गाळलेलं पान असलेला कागद पुरावा म्हणून कसा धरायचा? ही साधी चूक होती असं संपादकाच्या सहीनं छापून द्या, तर नोंदी धरता येतील."

ठकूबाईंची खुर्ची फिरायची थांबली. पाना-आकड्यांचं त्यांना काही कळलं नव्हतं, पण आपली वाट कशात तरी अडकलीय एवढं कळलं होतं.

"चूक कोणाची पण?" कुलसचिव माझ्याकडे वळले. "तुमच्याकडेच छापलं ना हे? आपल्या परीक्षांच्या फॉर्मचं कामही तुम्हीच करता, नाही का? तिथंही असे आकडे गळतात काय?"

माझं निम्मं दुकान त्या फॉर्मवर चालायचं. मी उभी राहिले. 'चूक माझी' हे दोन शब्द अगदी ओठांवर होते, पण मला उशीर झाला. एक श्वासभर उशीर, आणि तो मी मुद्दाम केला की आपोआप झाला हे मला आजही सांगता येत नाही.

"चूक माझी," चौबळ म्हणाले. "मुद्रकांनी मला छापण्याआधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तीन वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं किंवा माझ्याबद्दल सांगितलेलं हे एकच खोटं.

संध्याकाळी ते दुकानात आले. छत्री दाराशी टेकवली. स्टुलावर बसले नाहीत. उभ्यानंच मजकूर सांगितला आणि मी टाइप केला : 'पृष्ठ ७. या क्रमांकाचे पान आजवरच्या कोणत्याही अंकात नव्हते. त्यामागे परंपरा नसून चूक होती.' पुढचं वाक्य मी त्यांनी सांगायच्या आधीच घातलं : 'चूक मुद्रकाची आहे.' आणि प्रूफ त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते वाचलं. खिशातून लाल पेन्सिल काढली. 'मुद्रकाची' खोडलं, वर स्वच्छ अक्षरात 'संपादकाची' लिहिलं, खाली इ. वा. चौबळ अशी सही केली, आणि कागद परत दिला. मी काहीतरी बोलणार होते, तर म्हणाले, "बाई, सगळ्या अंकांत घालायला प्रती लागतील. कागद जरा बरा वापरा."

आठवडाभर वर धुमाकूळ होता. ज्यानं तुटक्या पायरीचीही बाजू घेतली आणि छापलेला शब्द कधी फिरवला नाही, त्यानं आपल्या सहीनं लिहून दिलं की आपली सगळ्यात गाजलेली परंपरा ही नुसती चूक होती. पोरं त्यांना पाहिलं की एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं दाखवायची. मेसच्या भिंतीवर कोणीतरी हातभर उंचीचा सात काढला. ते त्यालाही नमस्कार करून पुढं जायचे. संपादकपद त्यांनी सोडलं. चूक कबूल केलेल्या संपादकानं खुर्चीत राहू नये, म्हणाले. खुर्ची म्हणजे माझं लाल स्टूल. त्यानंतर दोन वर्षं ते अंकाच्या कामाला येत राहिले, तन्वीला प्रूफं तपासून देत राहिले, पण सगळं उभ्यानं. मी किती वेळा स्टूल पुढं सरकवलं. ते छत्री टेकवायचे, नमस्कार करायचे आणि उभे राहायचे. मला त्या स्टुलाकडे पाहवायचं नाही.

फाटक मात्र राहिलं. नाट्यगृह वीस पावलं सरकलं. फाटकावर पाटी लागली : 'मेंढरांसाठी. सकाळी ७ ते ८, संध्याकाळी ६ ते ७.' उद्घाटनाच्या आधीच एका सकाळी सगळा कळप नव्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि तास दीड तास उठेना. पुढं तिथं झालेल्या कुठल्याच कार्यक्रमाला इतके प्रेक्षक आले नाहीत, असं शिपाई सांगतात.

चौबळांना मी शेवटचं पाहिलं ते पदवीदानाच्या दिवशी. सकाळची वेळ. मोठी पांढरी गाडी डोंगराकडे निघालेली, आत आई-वडील आणि मागं काळा झगा घातलेले चौबळ. वडील नाशकात सोलर पॅनेल विकतात हे मला तन्वीनं त्याच दिवशी सांगितलं. बरोबर दुकानापुढं गाडी अडली, कारण समोरून ठकूबाईंची मेंढरं उतरत होती. वडिलांनी हॉर्न वाजवला. मागचं दार उघडलं, चौबळ छत्रीसकट खाली उतरले, पुढं जाऊन वडिलांना काहीतरी म्हणाले, आणि गाडीचं इंजिन बंद झालं. मग ते झगा सावरत रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, कळपाला मान दिल्यासारखे.

"बाजूला हो की रं वॉचमन," ठकूबाई ओरडल्या. "ऐन वाटंत काय हुबा ऱ्हायलास!"

ते घाईघाईनं माझ्या पायरीवर चढले. एका शेरडानं जाताजाता झग्याचं टोक चावून पाहिलं आणि सोडून दिलं.

मी स्टूल बाहेर आणून ठेवलं. दोन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले. "चौबळ, चूक माझी होती. तुम्हाला माहीत होतं. मी उठून बोलायला हवं होतं. तुम्ही ते पान परत छापा, माझं नाव घाला. मी छापून देते."

ते मेंढरांकडे पाहत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, सवयीनं. मग म्हणाले, "छापलं ते छापलं, बाई."

आणि स्टुलावर बसले. कळप सरेपर्यंत, झग्यात, दोन्ही हात छत्रीवर ठेवून. मग उठले, नमस्कार केला आणि गाडीत बसले.

ते लाल पेन्सिलीचं प्रूफ माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. 'पूर्वापार' आता तन्वीनंतरची मुलं काढतात, आणि सहानंतर सात व्यवस्थित येतं. नवीन पोरं काचेखालचा कागद वाचून विचारतात, दीदी, हे काय आहे? मी इतकी वर्षं 'काही नाही' म्हणत आले. म्हणून हे लिहिलं. चूक मुद्रकाची होती, म्हणजे माझी. हे कुठंतरी छापून येईल, आणि एक दिवस ते त्यांच्या हातात पडेल. ते लाल पेन्सिल काढतील, यात मला शंका नाही. पण आता त्यांना काही करता येणार नाही. त्यांचाच नियम आहे.